कुत्रा व मांजर यांचे दंतरोग

कुत्रा व मांजर या पाळीव मांसाहारी प्राण्यांचे दात, हिरड्या, दातांना जबड्यात धरून ठेवणारी ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे म्हणजे पेशींचे समूह) आणि जबड्याचे हाड यांत उद्‌भवणारे विकार. मनुष्याच्या दंतरोगांत कीड लागण्याला प्राधान्य असते. या प्राण्यांत मात्र दाताभोवतालच्या ऊतकांचा रोग सर्वांत अधिक आढळतो. मांजरांत त्याच्या जोडीला दात विरघळून जाण्याचा एक वेगळाच विकार दिसतो.

या रोगांचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे ते दीर्घकाळ लपून राहतात. दात दुखत असला, तरी कुत्रा किंवा मांजर सहसा खाणे सोडत नाही. दुखरी बाजू टाळून ते चावतात अथवा अन्न न चावताच गिळतात. वेदना उघड न करणे हा या प्राण्यांचा स्वभावधर्म असल्याने ‘जनावर नीट जेवते, म्हणजे तोंड निरोगी आहे’ ही समजूत सार्वत्रिक असली, तरी ती फसवी आहे. शिवाय रोगाचा महत्त्वाचा भाग हिरडीच्या खाली असतो आणि तो वरून दिसत नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली पशुवैद्यांकडे आलेल्या सुमारे बावीस हजार कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या असता परिदंत रोगाची नोंद सुमारे १२·५ टक्के कुत्र्यांत आढळली. गुंगी देऊन तोंडाची काळजीपूर्वक तपासणी केलेल्या कुत्र्यांत हेच प्रमाण कितीतरी अधिक, बहुधा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरते. या दोन आकड्यांतील तफावत म्हणजे न ओळखलेल्या रोगाचेच माप होय.

दातांची रचना व संख्या : दोन्ही प्राण्यांना प्रथम दुधाचे व नंतर कायमचे असे दोन वेळा दात येतात. कुत्र्याला दुधाचे २८ व कायमचे ४२ दात असतात. कायमच्या दातांची एका बाजूची मांडणी (वरचा जबडा/खालचा जबडा) पटाशीचे ३/३, सुळे १/१, उपदाढा ४/४ व दाढा २/३ अशी असते. मांजराला दुधाचे २६ व कायमचे ३० दात असून त्यांची मांडणी पटाशीचे ३/३, सुळे १/१, उपदाढा ३/२ व दाढा १/१ अशी असते. पिलांना दुधाचे दात साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून (मांजराच्या पिलांना त्याहून किंचित आधी) येऊ लागतात. कायमचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून येऊ लागून मांजरात सहाव्या व कुत्र्यात सातव्या महिन्यापर्यंत पूर्ण होतात. या क्रमावरून पिलाच्या वयाचा बऱ्यापैकी अचूक अंदाज करता येतो. त्यानंतरच्या वयाचा दातांवरून केलेला अंदाज मात्र ढोबळच असतो.

वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ व खालच्या जबड्यातील पहिली दाढ या आकाराने सर्वांत मोठ्या असून त्यांच्या धारदार कडा कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींवरून सरकतात आणि मांस कापतात. वरच्या चौथ्या उपदाढेला तीन मुळे असतात. मनुष्याच्या दाढांना दळण्यासाठी सपाट व खोलगट पृष्ठभाग असतात. मांसाहारी प्राण्यांत, विशेषतः मांजरात, असे पृष्ठभाग फारसे नसतात.

दाताच्या दृश्य भागावर दंतवल्काचे अतिशय कठीण आवरण असते. मनुष्यात त्याची जाडी काही ठिकाणी २ मिमी.पेक्षा अधिक असते. कुत्र्यात ती सर्वत्र १ मिमी.पेक्षा कमी व मांजरात त्याहूनही कमी असते. आवरणाखाली दंतिन व मध्यभागी पोकळीत रक्तवाहिन्या आणि तंत्रिका (मज्जातंतू) असलेली मृदू दंतमज्जा असते. दाताला जबड्यात स्थिर ठेवणारी ऊतके चार : हिरडी, मुळावरील संधानकाचा थर, मूळ व हाड यांना जोडणारे तंतू आणि खोबणीचे हाड. या चौघांना मिळून परिदंत ऊतके म्हणतात. हिरडीची कड व दात यांच्यामध्ये एक उथळ खाच असते. निरोगी कुत्र्यात तिची खोली ३ मिमी.पर्यंत व मांजरात १ मिमी.पेक्षा कमी असते. खाच याहून खोल होणे म्हणजे रोगाने हाडाकडे वाटचाल केली असे समजतात.

परिदंत रोग : यालाच व्यवहारात पायोरिया म्हणतात. दात स्वच्छ केल्यानंतर थोड्याच वेळात लाळेतील प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा त्यावर तयार होतो. एका दिवसाच्या आत त्यावर सूक्ष्मजंतू वस्ती करतात व त्यांचा एक चिकट, पांढुरका थर जमतो. यास प्लाक असे म्हणतात. चूळ भरून किंवा पाणी पिऊन तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. तो न काढल्यास दोन-तीन दिवसांत लाळेतील खनिजे त्यात साचू लागतात व त्याचे पिवळट-तपकिरी, टणक किटण बनते. कुत्र्याची लाळ मनुष्याच्या लाळेपेक्षा अधिक क्षारीय असल्याने कॅल्शियमाची लवणे साचण्यास ती अनुकूल ठरते. मोठ्या लाळ ग्रंथींच्या नलिका वरच्या चौथ्या उपदाढेच्या व पहिल्या दाढेच्या आसपास गालाच्या आतील बाजूस उघडतात, म्हणून या दातांच्या बाहेरील पृष्ठावर किटण सर्वांत आधी व सर्वांत जास्त जमते.

किटण डोळ्यांस खुपते, परंतु खरा अपराधी ते नसून जिवंत प्लाक हा आहे. किटणाचा खडबडीत पृष्ठभाग नव्या प्लाकाला आधार देतो, एवढाच त्याचा रोगातील वाटा होय. हिरडीच्या कडेला साचलेल्या जंतूंमुळे प्रथम हिरडीशोथ (हिरडीची दाहयुक्त सूज) होतो. हिरडीची कड लाल होते, सुजते व स्पर्श होताच रक्त येते. ही अवस्था पूर्णपणे बरी होण्याजोगी असते, कारण हाड अद्याप शाबूत असते. प्लाक हिरडीखाली उतरल्यावर तेथील ऑक्सिजनरहित पोकळीत वेगळ्या जातींचे जंतू वाढतात. पॉर्फिरोमोनास गुली हा त्यांपैकी कुत्र्यांत वारंवार आढळणारा एक जंतू होय. हे जंतू काही प्रमाणात स्वतः ऊतकांचा नाश करतात. त्याहून मोठा नाश त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या शरीराच्या प्रतिकारप्रक्रियेतून होतो. तंतू तुटतात, खोबणीचे हाड झिजते आणि खाचेचे खोल कप्प्यात रूपांतर होते. गेलेले हाड सहसा परत भरून येत नाही. रोगाच्या चार अवस्था मानतात. पहिलीत केवळ हिरडीशोथ असतो. दुसरीत दाताचा आधार २५ टक्क्यांपर्यंत, तिसरीत २५ ते ५० टक्के व चौथीत त्याहून अधिक नष्ट झालेला असतो.

प्लाक व हा रोग यांचा कार्यकारणसंबंध लिंडे, हाम्प व ल्यो या संशोधकांनी बीगल जातीच्या कुत्र्यांवर चार वर्षे केलेल्या प्रयोगाने (१९७५) स्पष्ट झाला. एका गटातील कुत्र्यांचे दात रोज दोनदा घासले जात, तर दुसऱ्या गटात प्लाक साचू दिला होता. घासलेल्या गटाच्या हिरड्या निरोगी राहिल्या. दुसऱ्या गटात हिरडीशोथ व पुढे बहुतेकांत हाडाची झीज झाली. हा प्रयोग मूलतः मनुष्याच्या दंतवैद्यकासाठी केला गेला होता, परंतु त्याचा निष्कर्ष कुत्र्यांनाही तितकाच लागू आहे.

वयाबरोबर रोगाचे प्रमाण वाढत जाते. लहान चणीच्या जातींत (उदा., पॉमेरेनियन, डॅक्सहुंड, यॉर्कशर टेरिअर, चिवावा) तो लवकर व तीव्र स्वरूपात दिसतो. त्यांचे दात जबड्याच्या मानाने मोठे व दाटीने बसलेले असतात आणि मुळांभोवती हाड मुळातच थोडे असते. खालच्या पहिल्या दाढेची मुळे अशा कुत्र्यांत जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचतात. त्यामुळे मुळाभोवतीचे हाड झिजल्यावर किरकोळ धक्क्यानेही जबडा मोडू शकतो. वरच्या सुळ्याच्या आतील बाजूचे हाड झिजल्यास तोंड व नाक यांच्यामध्ये भोक पडते. प्राण्याला वारंवार शिंका येतात व एका नाकपुडीतून पाणी किंवा पू वाहतो. विशेषतः डॅक्सहुंडमध्ये हा प्रकार दिसतो व पुष्कळदा त्याला सर्दी समजून महिनोन्‌महिने औषधे दिली जातात. तीव्र परिदंत रोग असलेल्या कुत्र्यांत हृदय, यकृत व मूत्रपिंड यांतही बदल आढळतात. मात्र हे बदल दंतरोगामुळेच होतात, असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

दात मोडणे व झिजणे : कुत्र्यांत सुळे व वरची चौथी उपदाढ हे दात वारंवार मोडतात. सुळे मारामारी, अपघात, दगड उचलणे किंवा पिंजऱ्याचे गज चावणे यांमुळे मोडतात. उपदाढेचा बाहेरील बाजूचा मोठा टवका मात्र बहुधा कठीण वस्तू चघळताना उडतो. मटणाच्या दुकानातून आणलेली नळीची हाडे, शिंगे, खूर व कडक नायलॉनची खेळणी ही त्याची नेहमीची कारणे होत. हाडे चघळल्याने दात स्वच्छ राहतात, या समजुतीत थोडे तथ्य आहे. परंतु त्यासाठी मोडलेल्या दाताची किंमत मोजावी लागण्याचा धोका मोठा असतो. अंगठ्याच्या नखाने दाबली असता जी वस्तू दबत नाही, ती कुत्र्याच्या दातांसाठी फार कठीण आहे, अशी एक सोपी कसोटी सांगतात.

दात मोडून दंतमज्जा उघडी पडली, तर तोंडातील जंतू आत शिरतात, मज्जा मरते व मुळाच्या टोकाशी गळू होते. वरच्या चौथ्या उपदाढेच्या मुळांशी असे गळू झाले म्हणजे डोळ्याखाली सूज येते व पुढे तेथून पू वाहतो. प्रतिजैव औषधांनी सूज तात्पुरती ओसरते व औषध थांबताच परत येते. डोळ्याखालची अशी पुन्हा पुन्हा होणारी जखम ही त्वचेची नसून दाताची असते, हे लक्षात न आल्याने प्राण्याचे बरेच हाल होतात. उघडी मज्जा असलेल्या दातावर दोनच उपाय आहेत. मज्जा काढून मुळाची पोकळी भरणे किंवा दात काढणे. ‘काही त्रास दिसत नाही’ म्हणून तसाच ठेवणे हा उपाय नव्हे. टेनिसचा चेंडू सतत चघळणाऱ्या किंवा खाजेमुळे अंग चावत राहणाऱ्या कुत्र्यांचे दात हळूहळू झिजतात. झीज सावकाश झाल्यास आतून नवे दंतिन तयार होऊन मज्जेचे रक्षण होते. अशा दातांवर तपकिरी ठिपका दिसतो. तो सहसा निरुपद्रवी असतो.

मांजरातील दंतविलयन : हा मांजरांतील अत्यंत वेदनाकारक व सर्वाधिक आढळणाऱ्या दंतविकारांपैकी एक आहे. दुधाच्या दातांची मुळे नैसर्गिकपणे विरघळविणाऱ्या कोशिका येथे कायमच्या दातांवर हल्ला करतात. मुळापासून किंवा दाताच्या मानेपासून दात पोखरला जातो व ती पोकळी हाडासारख्या ऊतकाने किंवा हिरडीच्या लालसर वाढीने भरते. खालच्या जबड्यातील पुढची उपदाढ बहुधा प्रथम ग्रस्त होते. प्रौढ मांजरांत हा विकार इतका सामान्य आहे की, निरनिराळ्या पाहण्यांत तपासलेल्या मांजरांपैकी चतुर्थांशापासून अर्ध्याहून अधिक मांजरांत तो आढळला आहे. त्याचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही. कीड लागण्याशी त्याचा संबंध नाही.

हिरडीच्या कडेशी एखादा लाल ठिपका दिसणे, त्याला स्पर्श करताच गुंगीतही जबडा थरथरणे, खाताना अन्न तोंडातून टाकणे, एकाएकी फिसकारून वाटीपासून दूर पळणे ही लक्षणे असतात. पुष्कळ मांजरांत मात्र कोणतेही लक्षण दिसत नाही. असा दात भरून वाचविता येत नाही, कारण विलयन भरणाखाली चालूच राहते. म्हणून दात काढणे हाच उपचार होय. मूळ हाडात पूर्ण मिसळून गेले असल्यास केवळ दाताचा वरचा भाग काढून हिरडी शिवतात. परंतु तसे करण्यापूर्वी क्ष-किरण चित्र घेणे आवश्यक असते.

मांजरातील चिरकारी मुखशोथ : या विकारात हिरड्यांबरोबरच तोंडाच्या मागच्या भागातील, जबड्यांच्या सांध्याजवळील श्लेष्मल त्वचा लालभडक, फुगीर व रक्तस्रावी होते. मांजराला भूक असते, ते वाटीजवळ येते, पण पहिला घास घेताच ओरडते. लाळ गळते, अंग चाटून स्वच्छ करणे थांबते व केस गुंततात. शरीराची प्रतिकारप्रणाली अतिरेकी प्रतिक्रिया देते, असे मानतात. कॅलिसीव्हायरस हा विषाणू अशा मांजरांत वारंवार आढळतो. अनेक मांजरे एकत्र राहतात तेथे हा विकार अधिक दिसतो. स्टेरॉइड औषधांनी तात्पुरता आराम पडतो. कायम गुण येण्यासाठी सर्व उपदाढा व दाढा, प्रसंगी सर्वच दात, काढावे लागतात. हा उपाय कठोर वाटला, तरी त्याने सुमारे दोन-तृतीयांश मांजरांना पूर्ण किंवा लक्षणीय आराम मिळतो. उरलेल्यांना प्रतिकारप्रणाली नियंत्रित करणारी औषधे (उदा., सायक्लोस्पोरीन) द्यावी लागतात. दात नसलेले मांजर मऊ अन्नावर उत्तम जगते. दुखऱ्या दातांचे मांजर मात्र उपाशी राहते.

दात येण्यातील व जन्मजात दोष : दुधाचा दात न पडता त्याच्या शेजारी कायमचा दात उगवणे हा दोष लहान जातींच्या कुत्र्यांत, विशेषतः सुळ्यांच्या बाबतीत, नेहमी दिसतो. दोन दातांच्या फटीत अन्न व प्लाक साचतो आणि कायमचा दात वाकड्या दिशेने वाढतो. एका जागी एका वेळी दोन दात असू नयेत, हा नियम होय. दुधाचा दात मुळासह लवकर काढल्यास कायमचा दात आपोआप जागेवर येण्याची शक्यता असते. खालचे सुळे आत कलल्यास त्यांची टोके टाळूत रुततात. पग, बुलडॉग, बॉक्सर यांसारखे कुत्रे व पर्शियन मांजर यांच्या तोकड्या जबड्यांत दातांची दाटी होते व काही दात आडवे फिरतात. बॉक्सर कुत्र्यांत हिरड्यांची अतिवाढ होऊन दात त्यांत बुडतात.

पिलाच्या वयाच्या पहिल्या काही महिन्यांत डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगाचा तीव्र ज्वर येऊन गेल्यास त्या काळात बनत असलेले दंतवल्क सदोष होते. पुढे कायमचे दात खड्डे पडलेले, तपकिरी व खडबडीत उगवतात. भारतात डिस्टेंपर अद्याप सर्रास आढळतो. वाचलेल्या कुत्र्यांत दातांवरील ही खूण आयुष्यभर राहते. वेळेवर लस टोचणे हाच त्यावरील प्रतिबंध आहे. गाभण मादीला किंवा वाढत्या पिलांना टेट्रासायक्लीन वर्गातील औषधे दिल्यास पिलांचे दात पिवळे पडतात.

दंतक्षय : कुत्र्यांत कीड लागण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के असून ती मुख्यत्वे वरच्या पहिल्या दाढेच्या खोलगट पृष्ठावर लागते. क्षारीय लाळ, टोकदार दात व आहारातील कमी शर्करा ही प्रमाण कमी असण्याची कारणे होत. गोड बिस्किटे, पेढे, जिलेबी यांची सवय लावलेल्या कुत्र्यांना या नैसर्गिक संरक्षणाचा पुरेसा लाभ मिळत नाही. मांजरांत खरा दंतक्षय जवळजवळ आढळत नाही.

अर्बुदे व इतर विकार : तोंडातील गाठींपैकी कुत्र्यांत कृष्णकर्क (मेलॅनोमा) हा मारक प्रकार अधिक आढळतो. मांजरांत पट्टकी कोशिकांचा कर्करोग हा सर्वांत सामान्य असून तो जिभेखाली किंवा हिरडीवर होतो व प्रारंभी दंतरोगासारखा भासतो. एखादाच दात विनाकारण हलू लागणे, दात काढल्यावर जखम भरून न येणे किंवा जबड्याची एकच बाजू फुगणे यांबाबत संशय घेऊन ऊतकाचा तुकडा तपासावा लागतो. वरच्या दोन उपदाढांच्या मध्ये टाळूला आडवे अडकलेले हाड किंवा काडी, मांजराच्या जिभेच्या मुळाशी गुंतलेला दोरा आणि मूत्रपिंडे निकामी झाल्याने तोंडात पडलेली क्षते यांचाही दंतरोगाच्या निदानात विचार करावा लागतो.

लक्षणे व निदान : तोंडाला येणारी दुर्गंधी हे सर्वांत आधी जाणवणारे लक्षण होय. कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच, असे समजून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. परंतु निरोगी तोंडाला तीव्र घाण येत नाही. एका बाजूने चावणे, अन्न सांडणे, लाळेत रक्त दिसणे, पंजाने तोंड घासणे, डोक्याला हात लावू न देणे, खेळणी टाकून देणे व स्वभावात चिडखोरपणा येणे ही अन्य लक्षणे आहेत. दुखरा दात काढल्यावर ‘जनावर पुन्हा पिलासारखे खेळू लागले’ असे मालक सांगतात, तेव्हा पूर्वीचा मंदपणा वयाचा नसून वेदनेचा होता, हे ध्यानी येते.

भारतात एका बाबतीत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. अलर्क रोगाच्या (पिसाळ रोगाच्या) मूक प्रकारात कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते व त्याला गिळता येत नाही. ‘घशात हाड अडकले आहे’ असे वाटून अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालणारी व्यक्ती प्राणघातक रोगाच्या संपर्कात येते. म्हणून लसीकरण माहीत नसलेल्या, विशेषतः रस्त्यावरील कुत्र्याच्या तोंडात कधीही उघड्या हाताने चाचपू नये. लाळेचा जखमेशी संपर्क आल्यास जागा साबण व पाण्याने सुमारे पंधरा मिनिटे धुऊन लगेच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

शुद्धीवर असलेल्या प्राण्याचे ओठ उचलून केलेली तपासणी केवळ प्राथमिक असते. संपूर्ण निदानासाठी गुंगी देऊन प्रत्येक दाताभोवतीची खाच शलाकेने मोजतात व क्ष-किरण चित्रे घेतात. नोंदीसाठी प्रत्येक दाताला तीन अंकी क्रमांक देतात. पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश दर्शवितो (उजवा वरचा १, डावा वरचा २, डावा खालचा ३, उजवा खालचा ४) व पुढील दोन अंक दाताचे स्थान दर्शवितात. उदा., १०४ म्हणजे उजवा वरचा सुळा. क्ष-किरणांचे महत्त्व कॅलिफोर्निया विद्यापीठातील १९९८ च्या अभ्यासावरून कळते. वरून निर्दोष दिसणाऱ्या दातांची क्ष-किरण चित्रे घेतली असता २७·८ टक्के कुत्र्यांत व ४१·७ टक्के मांजरांत उपचारयोग्य विकार उघड झाले.

उपचार : परिदंत रोगावरील मूलभूत उपचार म्हणजे संपूर्ण शुद्धिहरणाखाली हिरडीच्या वरील व खालील प्लाक आणि किटण काढून पृष्ठभाग गुळगुळीत करणे. यासाठी श्राव्यातीत ध्वनितरंगांवर चालणारे उपकरण व हाताने वापरायची हत्यारे वापरतात. पाणी व घाण फुप्फुसांत जाऊ नये म्हणून श्वासनलिकेत फुग्याची नळी घालणे आवश्यक असते. सुमारे ५ मिमी.पेक्षा खोल कप्प्यांसाठी हिरडी उचलून मूळ स्वच्छ करावे लागते. ज्यांचा आधार निम्म्याहून अधिक गेला आहे, असे दात बहुधा काढतात. अनेक मुळांचे दात प्रथम कापून एकेक मूळ वेगळे काढतात व जखम शिवतात. मांजराचे तोंड स्प्रिंगच्या साधनाने फार वेळ ताणून ठेवल्यास मेंदू व डोळ्यांचा रक्तपुरवठा खुंटून अंधत्व येऊ शकते, म्हणून ते टाळतात.

शुद्धिहरणाशिवाय किटण खरवडून देण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ होत आहे. तिने दात पांढरे दिसतात, परंतु हिरडीखालील रोग तसाच राहतो आणि मालकाची मात्र समजूत होते की, उपचार झाला. म्हणून अमेरिकन व्हेटरिनरी डेंटल कॉलेजने या पद्धतीस विरोध केला आहे. वृद्ध प्राण्यांना गुंगीचा धोका असतो, हे खरे. परंतु वय हा स्वतः रोग नव्हे. रक्त, मूत्रपिंडे व हृदय यांची पूर्वतपासणी करून बहुतेक वृद्ध प्राण्यांवर सुरक्षितपणे उपचार करता येतात. केवळ प्रतिजैव औषधांचे वारंवार कोर्स देणे हा दंतरोगावरील उपचार होत नाही.

घरातील माणसांची वेदनाशामके प्राण्यांना देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते, कारण मांजराच्या यकृताला त्या औषधाची विल्हेवाट लावता येत नाही. आयब्यूप्रोफेनाने कुत्र्यांच्या जठरात क्षते पडतात व मूत्रपिंडांना इजा होते. दातदुखीवर घरोघरी वापरले जाणारे लवंगेचे तेलही मांजरांना विषारी ठरते.

प्रतिबंध : प्लाक रोज तयार होतो व दोन-तीन दिवसांत टणक होतो. म्हणून दात रोज घासणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय होय. आठवड्यातून एकदा घासण्याचा फारसा उपयोग होत नाही. पिलू दोन-तीन महिन्यांचे असतानाच सवय लावावी. प्रथम केवळ ओठांना व हिरड्यांना बोटाने स्पर्श करावा, मग बोटाला ओले मऊ फडके गुंडाळून व शेवटी लहान मुलांच्या मऊ ब्रशाने घासावे. ओठ उचलून ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा धरावा. बाहेरील पृष्ठे घासली तरी पुष्कळ साधते, कारण आतील बाजू जीभ काही प्रमाणात स्वच्छ ठेवते. तोंड उघडण्याची जबरदस्ती करू नये. हिरड्या आधीच दुखऱ्या असल्यास प्रथम उपचार करून नंतर घासण्यास प्रारंभ करावा, अन्यथा प्राणी ब्रशाचा संबंध वेदनेशी जोडतो.

माणसांची दंतधावने वापरू नयेत. प्राण्याला थुंकता येत नसल्याने त्यांतील फ्ल्युओराइड व फेस पोटात जातो. काहींत झायलिटॉल हा गोड पदार्थ असतो. त्याने कुत्र्यांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते व यकृतही निकामी होऊ शकते. मिसरी, तुरटी वा मीठ चोळणेही टाळावे. प्राण्यांसाठीची दंतधावने मिळत नसतील, तर नुसते पाणी लावलेला ब्रश पुरेसा असतो. काम घासण्याने होते, लेपाने नव्हे.

दूध-भात, दूध-पोळी व पाव यांसारखे मऊ अन्न दातांना घासले न जाता चिकटून राहते. त्यावर पोसलेल्या प्राण्यांच्या दातांची घासून निगा राखणे अधिकच अगत्याचे असते. कोरडे दाणेदार खाद्य काही अंशी बरे असले, तरी साधा दाणा दाताचे टोक लागताच फुटतो व हिरडीच्या कडेपर्यंत पोहोचत नाही. मुद्दाम तंतुमय रचनेने बनविलेली खाद्ये व चघळण्याचे पदार्थ यांचा उपयोग होतो. अशा उत्पादनांची परीक्षा करून मान्यता देण्यासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्था स्थापन झाली. वर्षातून किमान एकदा, व लहान जातींच्या कुत्र्यांत सहा महिन्यांनी, पशुवैद्याकडून तोंडाची तपासणी करून घ्यावी. हिरडीशोथाच्या पहिल्या अवस्थेत रोग आढळल्यास एकही दात न गमावता तोंड पूर्ववत निरोगी करता येते. ही संधी पुढील कोणत्याही अवस्थेत उरत नाही.